सत्ताविसावं उत्तर

"रुग्णाने तुमच्या अंगावर उलटी केली. तुमची पहिली प्रतिक्रिया काय?" बाबांनी विचारलं.

"शर्ट कुणाचा आहे त्यावर अवलंबून आहे," मी म्हणालो.

आई मटार सोलत होती, ती हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी हातातल्या कागदावर लाल पेननं फुली मारली आणि पुढचा प्रश्न घेतला.

बाबा सांगलीच्या पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. ज्या ट्रस्टच्या मेडिकल कॉलेजनं मला मुलाखतीला बोलावलं होतं, तिथे बारावीच्या मार्कांबरोबर मुलाखतीलाही मार्क होते, आणि मुलाखतीत म्हणे फक्त अप्रिय प्रसंगांवर प्रश्न विचारत. म्हणजे घाण, वास, मरण, शिवीगाळ. ही बातमी बाबांना त्यांच्या ऑफिसातल्या एका साहेबांकडून कळली. साहेबांच्या भाच्याला तिथे प्रवेश मिळाला नव्हता, त्यामुळे तो या विषयातला जाणकार होता. बाबांनी त्याच्याकडून बासष्ट प्रश्न मिळवले, स्वतः उत्तरं तयार केली आणि जुन्या छापील फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूंवर सुवाच्य अक्षरात लिहून काढली. बासष्टच्या बासष्ट मला पाठ करायची होती.

पाठ होत होती. अडचण दुसरीच होती. आईनं मासळी साफ केली तरी मी गच्चीवर जाऊन बसायचो. हे बाबांना माहीत होतं.

"नुसत्या थिअरीवर भागायचं नाही," ते म्हणाले, आणि लतीफभाईंना गाठून आले.

लतीफभाई मुजावर चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुणं, मलमपट्टी करणं, हे काम. रिटायर झाल्यावर ते सायकलला डबा अडकवून घरोघरी ड्रेसिंगला जायचे. मुलाखतीच्या आधीचा आठवडा मी त्यांच्याबरोबर फिरायचं ठरलं. बाबांनी मला कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबचा पांढरा ॲप्रन घालायला लावला. सवय व्हावी म्हणून. त्याच्या खिशावर पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा डाग होता. मी बाबांना म्हटलं, डाग बघून लोकांना वाटेल मी कुणाला तरी विष दिलंय. बाबा म्हणाले, खिशात हात घालून उभा राहा.

फेरीतलं आमचं पहिलं घर खणभागात होतं. खाली चौगुले प्रिंटिंग प्रेस, वर बिऱ्हाड. मधला जिना इतका अरुंद की जाड माणूस आणि त्याचा चष्मा एकाच वेळी जाणार नाहीत. वर खाटेवर शांतिनाथ चौगुले पाय उशीवर टाकून पडले होते. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. शुगरचा आजार. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडलेली, आणि तळव्याला एवढी जखम, की तिच्याकडे बघताना मी मनातल्या मनात प्रश्न क्रमांक चारचं उत्तर म्हणायला लागलो. 'दुर्गंधी ही रुग्णाची चूक नसून व्याधीचे लक्षण आहे.' तरी वास येतच होता.

"हे कोण?" आप्पांच्या बायकोनं विचारलं. पद्मावतीकाकू. बारीक चणीच्या, कपाळावर सतत एक आठी.

"आमचे डॉक्टर," लतीफभाई म्हणाले.

यात त्यांची काही लबाडी नव्हती. चाळीस वर्षं दवाखान्यात काढलेला माणूस. पांढऱ्या कपड्यातल्या कुठल्याही पोराला ते डॉक्टरच म्हणायचे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही डॉक्टर, एक्स-रेच्या टेक्निशियनलाही डॉक्टर. त्यांच्या तोंडातला तो 'अहो'सारखा शब्द होता. पण काकूंनी पदर सारखा केला आणि मला खुर्ची दिली. आणि मी बसलो.

आता मला लोक खरोखरच डॉक्टर म्हणतात, आणि अजूनही दर वेळी मी मागे वळून बघतो की कोण आलं. त्या दिवशी मात्र वळलो नाही.

मला काम दोनच. टॉर्च धरायचा आणि पेशंटचं मन दुसरीकडे गुंतवायचं. दुसरं मला जमायचं. लतीफभाई चिमट्यानं मेलेली कातडी काढत असताना मी आप्पांशी बोलत राहायचो. आप्पाही तसलेच निघाले. बोटं काळी दिसतायत म्हटलं तर म्हणाले, "शाई असेल. रॉकेलनं पुसून बघा की." मी अगदी गंभीरपणे लतीफभाईंना म्हणालो, रॉकेल आहे का हो डब्यात? आप्पा इतके हसले की पाय हलला, आणि लतीफभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढची दोन मिनिटं मी टॉर्चसारखाच गप्प होतो.

तीन दिवस असे गेले. मी एकदाही जखमेला हात लावला नाही. आप्पा माझी वाट बघायला लागले होते. काकू सांगायच्या, तुम्ही यायच्या आधी अर्धा तास हे कुठला विनोद करायचा ते ठरवत बसतात. मला फार बरं वाटलं. मी घरी जाऊन बाबांना सांगितलं की पेशंटशी माझं उत्तम जमतं. बाबांनी ते प्रश्न क्रमांक अकरामध्ये उदाहरण म्हणून घालायला सांगितलं.

सोमवारी ड्रेसिंग झालं आणि लतीफभाई ट्रे धुवायला मागच्या मोरीवर गेले. काकू माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. दवाखान्याच्या सर्जननी पाय गुडघ्याखालून कापायला सांगितला होता. मंगळवारची, म्हणजे दुसऱ्याच दिवशीची, तारीख होती. आप्पा नको म्हणत होते.

"डॉक्टर, तुमचं हे ऐकतात," काकू म्हणाल्या. "तुम्हीच सांगा यांना."

काकूंना काय हवं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण माझ्या डोक्यात त्या क्षणी काय झालं ते सांगतो. मला आनंद झाला. कारण हा प्रश्न यादीत होता. सत्ताविसावा. 'रुग्ण शस्त्रक्रियेला नकार देत असल्यास आपण काय कराल?'

मी ॲप्रनच्या खिशात हात घातला आणि सुरू झालो.

"शरीर रुग्णाचं आहे, त्यामुळे अंतिम निर्णयही रुग्णाचाच असला पाहिजे. त्याच्या इच्छेचा आदर राखणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे. कुठल्याही परिस्थितीत त्याच्यावर बळजबरी करता कामा नये."

घरी बाबांपुढे इतकं स्वच्छ कधी आलं नव्हतं. एकही अडखळणं नाही. या उत्तराला दुसरा परिच्छेद होता. 'तथापि, नकाराचे परिणाम रुग्णास स्पष्ट शब्दांत समजावून सांगणे,' असा तो सुरू व्हायचा. तो दुसऱ्या कागदावर होता. मी श्वास घेतला तेवढ्यात आप्पांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"बघ," ते काकूंना म्हणाले. "शिकलेला माणूस बघ कसा बोलतो. नाहीतर तो दवाखान्यातला. येऊन नुसती रेघ मारून गेला पायावर, कटिंग मशीनला कागद लावल्यासारखी."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी दुसरा परिच्छेद म्हटला नाही. इतकं छान चाललेलं असताना 'तथापि' म्हणायचं जिवावर आलं. काकू माझ्याकडे बघत राहिल्या, मग आत जाऊन चहा घेऊन आल्या. चहात साखर जास्त होती. लतीफभाई ट्रे पुसत आले तेव्हा सगळे हसतमुख होतो.

मंगळवारपासून मी घरी बसून पाठांतर केलं. मुलाखत शुक्रवारी अकरा वाजता होती, तीन तासांच्या अंतरावर.

गुरुवारी दुपारी लतीफभाई घरी आले. आत बोलावलं तरी दारातच उभे राहिले. आप्पा दवाखान्यात भरती झाले असतील असं धरून ते दोन दिवस ड्रेसिंगला गेलेच नव्हते. आज मोसंबी घेऊन वॉर्डात भेटायला गेले, तर तिथे असा पेशंटच नव्हता. मग खणभागात गेले. आप्पा घरीच होते. पट्टी सोमवारचीच. अंगात ताप होता, आणि काळं बोटांवरून घोट्याच्या वर सरकलं होतं.

"म्हणतात, नव्या डॉक्टरनी नको म्हटलंय," लतीफभाई म्हणाले. "मी म्हटलं कोण नवा डॉक्टर? तर म्हणतात, तुमचाच की, तो गोरा, गमत्या."

मी काय बोललो होतो ते मी त्यांना सांगितलं. शब्दन्‌शब्द. दुर्दैवानं मला ते पाठ होतं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी विचारलं, तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत का, की हा डॉक्टर नाही म्हणून? सांगितलं, म्हणाले. आप्पांना वाटतं, पाय तोडायला दवाखान्यानंच लतीफला पाठवलंय.

"मी ड्रेसर," लतीफभाई म्हणाले. "माझं कोण ऐकतंय? डॉक्टर तू आहेस. तूच चल."

तेव्हा बाबा मध्ये पडले. ते इतका वेळ पडद्यामागे होते. अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाले, की उद्या मुलगा मुलाखतीहून परत आला की संध्याकाळी आम्ही दोघेही जाऊ. एका दिवसानं काय फरक पडतो. आणि ही गोष्ट बाहेर फुटली, पोरानं डॉक्टर असल्याचं सोंग केलं असं कुणी कॉलेजला कळवलं, तर?

लतीफभाईंनी फक्त एवढंच सांगितलं की ते सकाळी साडेसहाला खणभागात असतील. मोसंबीची पिशवी आमच्याच दाराशी विसरून गेले.

सकाळी सव्वासातची एस.टी. होती. मी पांढरा शर्ट घातला, फाइल घेतली, बाबांच्या स्कूटरवर मागे बसलो आणि म्हणालो, खणभागातून घ्या. दहा मिनिटं. बाबा वळले. प्रेससमोर त्यांनी गाडी चालूच ठेवली.

जिन्यातच वास आला. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मला आठवलं नाही.

आप्पांचा चेहरा सुजल्यासारखा झाला होता. डोळे चकाकत होते. लतीफभाई कोपऱ्यात उभे. मला बघून आप्पांनी हात वर केला. "या डॉक्टर. यांना सांगा जरा."

"आप्पा, मी डॉक्टर नाही," मी म्हणालो.

ते हसायला लागले.

"खरंच नाही. मी बारावी पास झालोय फक्त. आज ॲडमिशनची मुलाखत आहे. मी सोमवारी बोललो ते मुलाखतीसाठी पाठ केलेलं उत्तर होतं. ते अर्धंच होतं."

आप्पा आणखी हसले. हसता हसता खोकला आला. काकूंना म्हणाले, बघ, आज तर कमालच केली यानं. मी शपथ घेतली. त्यांनी टाळीसाठी हात पुढे केला. इतके दिवस मी या माणसाला एवढं हसवलं होतं की मी खरं बोलू शकतो ही शक्यताच त्यांच्या मनात उरली नव्हती. मी जितका रडवेला होत गेलो, तितका त्यांना विनोद जास्त रंगलेला वाटत होता. खालून बाबांनी हॉर्न दिला.

शेवटी मी फाइल उघडली आणि मुलाखतीचं पत्र त्यांच्या हातात दिलं.

आप्पांनी ते आधी वाचलं नाही. अंगठा फिरवून बघितला, कागद उजेडाकडे तिरका धरला. "ऑफसेट," ते स्वतःशीच म्हणाले. "लेटरहेड खरं आहे." मग चष्मा मागितला आणि वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचली. माझ्या बोलण्यावर विश्वास न ठेवणारा माणूस छापलेल्या कागदावर ठेवत होता. पत्र संपल्यावर त्यांनी घडी घातली, होती तशीच.

"मग इतके दिवस माझ्या पायाकडे कोण बघत होतं?"

"मी," मी म्हणालो. "टॉर्च धरून."

 काकूंनी कपाटातून पिशवी काढली आणि तिच्यात टॉवेल, तांब्या, आप्पांची बंडी असं भरायला लागल्या. दुसऱ्यांदा हॉर्न झाला. मग तिसरा झाला नाही, कारण बाबा वर आले होते. त्यांनी खाटेवर पाहिलं, एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि घड्याळ काढून खिशात टाकलं.

"खुर्ची आहे का एखादी, हातांची?" त्यांनी विचारलं.

खुर्चीत आप्पांना बसवलं. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला लतीफभाई. जिना अरुंद, त्यामुळे पाय सरळ पुढे धरावा लागणार होता, आणि धरणारा उलटा उतरणार होता.

"तू धर," आप्पा म्हणाले.

मी धरला. टॉवेलमधून तो गरम लागत होता, आणि ओला. एकेक पायरी मागे मागे उतरताना आप्पांचं तोंड माझ्यासमोर होतं. ते दात आवळून माझ्याकडे बघत होते. मला उलटी आली नाही. याचं श्रेय मी घेत नाही. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. खाली काळं मशीन झाकून ठेवलेलं होतं, त्याच्या कडेनं आम्ही वाकडे होत बाहेर पडलो. रिक्षात तो पाय माझ्या मांडीवर होता. रिक्षावाल्यानं नाकाला रुमाल बांधला आणि गाडी हाणली.

आप्पा जगले, हे इथेच सांगून टाकतो. अकरा वर्षं जगले. पुढचं सांगायला लागलो की ते सांगायचं माझ्याकडून राहून जातं.

दवाखान्यात सर्जननी पट्टी सोडून पाहिलं. थोराड, केस पिकलेले, झोप झाली नसावी असे. त्यांनी मांडीवर बोटानं दाखवलं. गुडघ्याच्या वर.

"गुडघ्याखालून म्हणाला होतात तुम्ही," आप्पा म्हणाले.

"मंगळवारी म्हणालो होतो. आज शुक्रवार आहे. दुपारपर्यंत थांबलात तर मी काहीच म्हणणार नाही."

सिस्टर संमतीचा फॉर्म ठेवून गेली. आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. काकूंनी समजावलं, लतीफभाईंनी समजावलं, बाबांनीही दोन वाक्यं बोलून पाहिली. आप्पा भिंतीकडेच बघत म्हणाले, "ट्रेडल काय तुम्ही मारणार?"

मला कळलं नाही. लतीफभाईंनी हळूच सांगितलं. खालचं ते छपाईचं मशीन पायानं चालतं. एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्यानं पट्टी दाबत राहायची. आप्पा चौतीस वर्षं उजव्या पायानं दाबत आले होते. गुडघा राहिला असता तर जयपूर फूट लावून काहीतरी जमलं असतं, म्हणून काकूंची धडपड चालली होती. रोज त्या मशीनशेजारून जिना चढून मी तीन दिवस या माणसाशी गप्पा मारल्या होत्या. नको का म्हणताय, एवढं विचारलं नव्हतं.

मी खाटेच्या पलीकडे, भिंतीच्या आणि त्यांच्यामध्ये जाऊन उभा राहिलो.

"आप्पा, नाही कापला तर तुम्ही मराल. आज किंवा उद्या. हे मी सोमवारी सांगायला हवं होतं."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही."

"मग तुझं का ऐकायचं?"

"सोमवारी का ऐकलंत?"

बाबांनी माझा दंड धरला. असं बोलायचं नसतं, हे मलाही कळत होतं.  आप्पांच्या घशातून एक आवाज आला. हसू होतं की काय, मला आजही सांगता येणार नाही.

"चष्मा दे गं," ते म्हणाले.

त्यांनी तो फॉर्म पूर्ण वाचला. बारीक टायपातला मजकूरसुद्धा. आणि सही केली.

ट्रॉली आत गेल्यावर सर्जन हात पुसत बाहेर आले. त्यांनी काकूंना विचारलं, "मंगळवारची तारीख दिली होती. कुणी थांबायला सांगितलं तुम्हाला?"

काकूंनी माझ्याकडे बघितलंही नाही. "कुणी नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "आम्हीच भ्यालो."

लतीफभाई दाराकडे बघत होते. बाबा स्वतःच्या चपलांकडे. मी गप्प राहिलो असतो तर तिथल्या एकानंही मला आयुष्यात कधी काही म्हटलं नसतं.

"मी सांगितलं," मी म्हणालो.

सर्जन वळले. माझा शर्ट, त्याच्यावरचे डाग, हातातली फाइल. "तू कोण?"

"कुणी नाही."

ते काहीतरी बोलणार होते. मी त्याच्यासाठी उभा होतो, मला ते हवंच होतं. पण आतून सिस्टरनं त्यांना हाक मारली.

"वय काय तुझं?"

"अठरा पूर्ण. मागच्या महिन्यात."

"रक्तगट?"

"बी पॉझिटिव्ह."

"त्यांचाही बी आहे. काही खाल्लंयस सकाळपासून?"

"नाही."

"मग आधी खा. तू पडलास तर मला दोन पेशंट होतील. रक्तपेढी खाली, डाव्या हाताला." आणि ते आत गेले. दार त्यांच्यामागे बराच वेळ हलत राहिलं.

बाबा कँटीनमधून कागदावर उप्पीट घेऊन आले. आम्ही रक्तपेढीबाहेरच्या बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते. बाबांनी ते पाहिलं, मीही पाहिलं. माझ्या हातांना अजून तो वास येत होता, दोनदा साबण लावूनही. तरी मी भराभर घास तोंडात घालायला लागलो.

"सावकाश," बाबा म्हणाले, आणि माझी फाइल स्वतःच्या मांडीवर घेतली.